टाकाऊ नावाचं फोल्डर

आमच्या ह्यांना ग्रंथालयात कोणी नावाने हाक मारत नसे. सगळे ‘कानवाले’ म्हणायचे. नोकरी सर्व्हर सांभाळायची, म्हणजे खरं तर डोळ्यांची आणि बोटांची. पण ह्यांचा सगळा भरवसा कानांवर. सकाळी गेले की आधी त्या गुडघ्याएवढ्या काळ्या पेटीपाशी बसायचे, डोळे मिटायचे आणि आतल्या डिस्क कशा फिरताहेत ते ऐकायचे. एकदा म्हणाले, “तिसरी कुरकुरतेय, आठवडाभरसुद्धा काढायची नाही.” डिस्क विकणारा माणूस तोंडावर हसला. चौथ्या दिवशी ती बंद पडली. तेव्हापासून शेजारपाजारचे लोक आपले पंखे, शिलाई मशीन घेऊन आमच्या दारात हजर. हे प्रत्येक वस्तूला कान लावून निदान सांगायचे. मी म्हणायचे, “नाडी बघायची फी लावा आता.”

म्हणायचे, कारण तेव्हा मला म्हणता येत होतं.

ग्रंथालय अंध वाचकांचं. तिथे माणसं पुस्तकं मोठ्याने वाचतात, त्यांचं रेकॉर्डिंग होतं आणि वाचक ते घरी नेऊन ऐकतात. मी तिथे एकवीस वर्षं वाचलं. काचेच्या अलीकडे मी, पलीकडे कानांवर हेडफोन लावून हे. आमचं लग्न त्याच्या आधीच झालेलं होतं, तेव्हा काचेतून प्रेम जमलं वगैरे कोणी मनात आणू नये. काचेतून भांडणं मात्र पुष्कळ झाली.

वाचणारा माणूस चुकतो, खोकतो, ओळ विसरतो. हे सगळं कापून काढायचं काम ह्यांचं, आणि कापलेलं फेकून द्यायचं असा नियम. ह्यांनी एकवीस वर्षांत माझा एक तुकडाही फेकला नाही. सर्व्हरवर ‘टाकाऊ’ नावाचं एक फोल्डर करून त्यात ते सगळं ठेवून दिलं. “अहो, झोपलात काय, लाल दिवा लावा,” असं मी ह्यांना झापलेलं. भूगोलाच्या पुस्तकात ज्वालामुखीचं नाव उच्चारता येईना म्हणून पोट धरून हसलेली मी. मुलीचा दहावीचा निकाल लागला तेव्हा मधेच वाचणं थांबवून ओरडलेली मी. पुस्तकातला माझा आवाज कमावलेला होता, इस्त्री केलेला. तो अजून शेकडो घरांत वाजतो. टाकाऊमध्ये होती ती घरातली मी.

सहा वर्षांपूर्वी माझ्या घशात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी जीव वाचवायला स्वरयंत्रच काढून टाकलं. ह्यांनी मला एक पाटी आणून दिली, मुलांच्या दुकानात मिळते तसली. लिहायचं आणि बटण दाबलं की कोरी. बोलणं गेलं, पण तोंडाचा पट्टा काही गेला नाही, तो त्या पाटीवर आला. हे गमतीने म्हणायचे, “पूर्वी निदान दुसऱ्या खोलीत गेलं की सुटका व्हायची. आता समोर उभं राहून वाचावं लागतं.”

दवाखान्यातून घरी आल्यावर ह्यांनी हळूच विचारलं होतं, “टाकाऊतलं थोडं घरी आणू का? ऐकशील?” मी पाटीवर मोठ्या अक्षरांत ‘नाही’ लिहिलं. आपलाच आवाज पेटीत बंद करून ठेवलेला ऐकायचा, मला ते सोसलं नसतं. मी सहा वर्षांत ते एकदाही ऐकलं नाही. हे मात्र रोज डबा खाऊन झाला की हेडफोन लावून वीस मिनिटं ते ऐकत बसायचे. ‘काय ऐकतात कोण जाणे,’ असं ग्रंथपालबाई मला सांगायच्या आणि मला आतून बरं वाटायचं. एवढं खोटं कशाला बोलू, बरं वाटायचं.

ह्यांना बोलवायला मी स्वयंपाकघरात एक छोटी घंटी ठेवली होती. सुरुवातीला पहिल्या टोल्याला हे हजर व्हायचे. मग दोन वर्षांपूर्वी हळूहळू येईनासे झाले. मी वाजवत राहायचे, हे बाहेरच्या खोलीत पेपर उघडून ढिम्म. एक दिवस माझा पारा चढला. मी जाऊन पाटीच नाकासमोर धरली: ‘मुकी झाले म्हणून किंमत गेली का माझी?’ ह्यांनी ते वाचलं, मान खाली घातली आणि म्हणाले, “लक्ष नव्हतं गं.” मी आठ दिवस अबोला धरला. मुक्या बाईने अबोला धरायचा म्हणजे पाटी हातात घ्यायची नाही. नवव्या दिवशी हेच पाटी घेऊन आले आणि त्यावर लिहिलं, ‘चुकलो.’ मी घंटी कपाटात टाकली आणि त्यानंतर सरळ जाऊन खांद्यावर थोपटायला लागले.

मला तेव्हाच कळायला हवं होतं. एकवीस वर्षं ज्यांना माझ्या श्वासावरून कळायचं की मी आता चुकणार आहे, त्या माणसाला घंटी ऐकू येत नाही आणि मी त्यावरून रुसून बसते! पण माझ्यामुळे सगळं घरच लिहिण्यावर आलं होतं. मुलगी फोन करायची नाही, मेसेज करायची. पाहुणे माझ्यासाठी खुणा करायचे. त्या सगळ्याच्या आड ह्यांचं बहिरेपण आरामात लपून राहिलं. तेही लपवत राहिले.

मुलगी दूर असते. तिची मुलगी आता चार वर्षांची आहे. वर्षभर मुलीचा एकच धोशा होता: ‘आई, हिने तुझा आवाज ऐकलेलाच नाही. पुस्तकातला नको. मला रागवायचीस ना, तो.’ मी टाळत होते. ह्या खेपेला रविवारी त्या दोघी येणार होत्या, आणि बुधवारी सकाळी भांडी लावता लावता माझ्या मनाने एकदम घेतलं की ऐकायचं. आधी आपण ऐकायचं, मग नातीला ऐकवायचं. हे कामावर गेलेले. मी संध्याकाळपर्यंत थांबले असते तर पुन्हा माघार घेतली असती, म्हणून तशीच चपला घालून निघाले.

ग्रंथालय रंगकामासाठी दोन आठवडे बंद होतं. फक्त हे रोज जायचे, कारण सर्व्हरच्या खोलीचं तापमान सकाळ-दुपार वहीत टिपावं लागतं. जिन्यातच रंगाचा वास नाकात गेला आणि दुसऱ्या मजल्यावर पोचायच्या आत मला तो आवाज ऐकू आला. बारीक, टोचणारा. पीप, पीप, पीप. एकवीस वर्षांत मी तो तीनदा ऐकला होता. डिस्क गेली की पेटी असं ओरडते. आधीच्या तिन्ही वेळी दुसरं पीप वाजायच्या आत हे खुर्चीतून उठलेले असायचे.

शिडीवरच्या रंगाऱ्याला मी खुणेने विचारलं. तो म्हणाला, “आठ-दहा दिवस झाले वाजतंय, काकू. आम्हाला वाटलं, मशीन आहे, वाजणारच.”

आत हे पेटीला लागून बसले होते आणि वहीत तापमान लिहीत होते. रंगाचे शिंतोडे उडू नयेत म्हणून पेटीवर जाड प्लॅस्टिक टाकलेलं, त्यामुळे पुढचे दिवे दिसत नव्हते. आवाज एवढा की मला कानांवर हात ठेवावेसे वाटले. मी खांद्यावर थोपटलं. “तू इथे?” ह्यांचा चेहरा फुलला. मी पेटीकडे बोट केलं.

“काय?”

मी पाटीवर लिहिलं, ‘वाजतंय.’

“काय वाजतंय?” ह्यांनी विचारलं, आणि मग माझ्या तोंडाकडे बघितलं. माझ्या तोंडावर जे काही असेल ते ह्यांनी वाचलं. हळूच तळहात पेटीवर ठेवला. मग प्लॅस्टिक ओढून काढलं, पुढचं झाकण उघडलं. आठ दिव्यांपैकी सात हिरवे, चौथा केशरी. संगणकाच्या पडद्यावर जाऊन ह्यांनी तो आवाज बंद केला. खोली एकदम शांत झाली. माझ्यासाठी शांत झाली; ह्यांच्यासाठी काहीच बदललं नाही. पडद्यावर तारीख होती. डिस्क जाऊन अकरा दिवस झाले होते.

“दोन वर्षं झाली,” हे माझ्याकडे न बघता म्हणाले. “आधी बारीक आवाज गेले. मग बाकीचे जायला लागले.”

‘सांगितलं का नाहीत?’

“कानवाले म्हणतात गं मला.”

मला इतका राग आला आणि इतकं भडभडून आलं की दोन्हींतलं आधी काय करावं कळेना. ह्यांनी मात्र स्वतःला सावरलं आणि मला सगळं समजावून सांगितलं, जसं पूर्वी सांगायचे. त्या पेटीत आठ डिस्क आहेत. माहिती आठही डिस्कवर वाटून ठेवतात, आणि सोबत थोडा हिशेब असा ठेवतात की एक डिस्क गेली तर उरलेल्या सात मिळून तिच्यावर काय होतं ते सांगू शकतात. ह्या रचनेला रेड म्हणतात. एक गेली तर काही बिघडत नाही. लगेच नवी बसवायची, की त्या सात जणी तिला तिच्या वाटचं सगळं पुन्हा भरून देतात. दुसरी जायच्या आत. दुसरी गेली तर सगळ्यांचंच गेलं.

“जुन्या सगळ्या काढून ह्या आठही एकाच दिवशी घेतल्यात,” हे म्हणाले. “एकीचं वय झालं म्हणजे सगळ्यांचं झालं. आणि नवी बसवली की त्या सातींना तासन्‌तास राबावं लागतं. त्यात एखादी दम तोडते. म्हणून आधी जे दुसरीकडे कुठे नाही ते बाहेर काढायचं, मग डिस्क बदलायची.”

दुसरीकडे कुठे नाहीत अशा दोनच गोष्टी होत्या. एक, ग्रंथालय बंद व्हायच्या आधीच्या तीन आठवड्यांत रेकॉर्ड केलेली अंध मुलांची नऊ पाठ्यपुस्तकं. जुन्या सगळ्याची दुसरी प्रत दर महिन्याला निघते, पण रंगकामामुळे ह्या महिन्याची राहिली होती आणि मुलांची परीक्षा तोंडावर आली होती. दुसरं टाकाऊ. ते फोल्डर नियमात बसत नव्हतं म्हणून त्याची प्रत कधी निघालीच नव्हती. चोरी उघडी पडायला नको म्हणून ह्यांनी घरीही कधी आणलं नव्हतं, आणि आणतो म्हणाले तेव्हा मीच नाही म्हटलं होतं.

“पुस्तकांना दोन तास लागतील,” हे म्हणाले. “टाकाऊला वीस मिनिटं. आधी काय काढू?”

ह्यांनी मला विचारलं. ह्यांचे डोळे टाकाऊ म्हणत होते. मी नुसती मान डोलावली असती तरी ह्यांनी तेच केलं असतं.

मी लिहिलं, ‘आधी मुलांचं.’

दोन तास आम्ही शेजारी शेजारी बसलो. पडद्यावरची पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत होती. नववं पुस्तक बाहेर आलं तेव्हा ह्यांनी मोठा श्वास सोडला आणि माझा हात दाबला. मग टाकाऊ. त्यात बारीक बारीक हजारो तुकडे. सुटे काढायचे तर फार वेळ जातो, म्हणून हे संगणकवाले लोक आधी त्याच मशीनवर सगळ्याचं एक गाठोडं बांधतात आणि मग ते एकदम बाहेर काढतात. सवयीने ह्यांनी तसंच केलं. गाठोडं बांधायला लागलं, आणि चार-पाच मिनिटांत मला पेटीतून खरवडल्यासारखा आवाज आला. मी ह्यांच्या दंडाला धरलं. ह्यांनी पेटीवर तळहात टेकवला आणि तसाच ठेवला.

“घासतेय,” हे म्हणाले.

सहावा दिवा केशरी झाला. पट्टी थांबली. मग पडद्यावरून फोल्डरच गेलं, पुस्तकांचीही गेली, सगळंच गेलं, आणि पेटी पुन्हा पीप पीप करायला लागली. ह्या वेळीही ते वाजतंय हे मलाच ह्यांना सांगावं लागलं.

मी नंतर किती वेळा मनाशी मोजून पाहिलं आहे. टाकाऊ आधी काढलं असतं तर शेवटची दोन पुस्तकं गेली असती. दोन पुस्तकं. ती महिन्याभरात कोणीतरी पुन्हा वाचली असती, पण परीक्षा थांबली नसती. मी बरोबर केलं हे मला माहीत आहे. त्याने काही फरक पडत नाही. मला माझा आवाज हवा होता, सहा वर्षांत पहिल्यांदा हवा होता, आणि मी हातात पाटी घेऊन मोठेपणा दाखवला.

घरी येताना बसमध्ये मी लिहिलं, ‘तुम्ही निदान रोज ऐकलंत.’

ह्यांनी पाटीचं बटण दाबून ते पुसलं. मग म्हणाले, “लावून बसायचो.” मला कळेना. “पडद्यावर तुझ्या आवाजाची रेघ दिसते ना, वरखाली होणारी. ती बघायचो. कुठे तू हसतेस, कुठे झापतेस, सगळं रेघेवरून पाठ होतं. ऐकू येत नव्हतं. वर्ष झालं, तुझा आवाज कसा होता ते आठवेनासं झालंय मला. वाटायचं, रोज लावून बसलो तर एखाद्या दिवशी लागेल पुन्हा.”

बसमध्ये माणसं होती. मी पाटी मांडीवर उपडी ठेवली आणि रडले. रडताना माझा आवाज होत नाही, त्यामुळे कोणाला कळलं नाही. ह्यांना कळलं.

दुसऱ्या दिवशी हे पुन्हा गेले. मीही बरोबर गेले. ह्यांनी मेलेल्या डिस्कवरचा नंबर पडद्यावरच्या नंबराशी दोनदा ताडून पाहिला, खिट्टी दाबली, डिस्क दोन बोटांएवढी बाहेर ओढून आतलं फिरणं थांबेपर्यंत हात तसाच धरला, मग अलगद काढली. चार स्क्रू सोडवले, ट्रेमध्ये नवी बसवली, आत सरकवली. सहावीचंही तसंच. इतकं हळुवार काम मी कोणाच्या हातून पाहिलेलं नाही. संध्याकाळपर्यंत आठही दिवे हिरवे होते. पेटी कोरी करकरीत. जुनी पुस्तकं महिन्याच्या प्रतीतून परत आली, मुलांची नऊ आम्ही काढलेल्या प्रतीतून आली. ग्रंथालयाचं एक पानसुद्धा गेलं नाही. पुढच्या आठवड्यात ग्रंथपालबाई रजेवरून आल्या तेव्हा ह्यांचं कौतुक करायला लागल्या. ह्यांनी त्यांना मधेच थांबवलं, बहिरेपणाचं सांगितलं, टाकाऊचंही सांगितलं, आणि किल्ल्या टेबलावर ठेवल्या. बाई नको नको म्हणत होत्या. ह्यांना ते ऐकू येत नव्हतं की ऐकायचं नव्हतं, मला सांगता येणार नाही. बाईंनी त्या दोन डिस्क माहिती परत मिळवणाऱ्यांकडे पाठवल्या. त्यांनी उघडून पाहिलं आणि कळवलं की आतल्या चकत्या खरवडून निघाल्यात, काही मिळणार नाही. आमच्या ह्यांनी ते हाताने आधीच ओळखलं होतं.

मी कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली. हे म्हणाले, “कशाला? आता काय ऐकायचंय?”

त्याआधीच, ठरल्याप्रमाणे त्या रविवारी मुलगी आणि नात आल्या. मुलीने दारातच विचारलं, “आणलंत?” ह्यांनी तिच्या ओठांकडे बघितलं आणि सगळं सांगितलं. ती माझ्या गळ्यात पडली. “जाऊ दे आई,” म्हणत राहिली, आणि जाऊ द्यायला तिलाही जमत नव्हतं.

जेवणं झाल्यावर ह्यांनी नातीला मांडीवर घेतलं. “आजी कशी बोलायची सांगू?” म्हणाले, आणि सुरू झाले. शब्दाला शब्द. “‘अहो, ही खुर्ची करकरतेय, मी नाही.’ मग जरा थांबायची. ‘पुन्हा घेते. पान बेचाळीस. छे, चष्मा कुठे गेला? डोक्यावर? मग सांगायचं नाही का!’” मी विसरून गेलेली वाक्यं, त्यांच्या मधल्या थांब्यांसकट ह्यांना पाठ होती. आपण किती मोठ्याने बोलतोय ते ह्यांना कळत नव्हतं. शेजारी ऐकू जात असणार. नात खदखदून हसत होती. मुलगी भिंतीकडे तोंड करून उभी होती.

मग नात म्हणाली, “असं नाही, आजोबा. आजीच्या आवाजात म्हणा ना.”

ती ह्यांच्या मांडीवर पाठमोरी होती, त्यामुळे तिचे ओठ ह्यांना दिसले नाहीत. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. “काय म्हणतेय ती?”

मुलगी वळली नाही. कोणीतरी सांगायला हवं होतं. मी पाटी घेतली आणि लिहिलं, ‘आजीच्या आवाजात म्हणा.’

ह्यांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग नातीच्या डोक्यावर हनुवटी टेकवली.

“तो मला येत नाही गं, बाळा,” हे म्हणाले.